आधी हवा, मग बाकीचं

सुझुकीने १९७० साली एलजे१० नावाची फोर बाय फोर गाडी जपानच्या बाजारात आणली, तेव्हा तिच्यात तीनच माणसं बसत. चौथ्याच्या जागी स्टेपनी होती. जपानमधल्या छोट्या ‘केई’ वर्गातल्या गाडीची लांबी तीन मीटरच्या आत ठेवावी लागे, आणि स्टेपनी मागच्या दाराला टांगली असती तर ती हद्द ओलांडली गेली असती. गाडीत ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, ताकद २५ अश्वशक्तीची आणि वजन सहाशे किलोच्या आसपास. विशेष म्हणजे मूळ आराखडा सुझुकीचा नव्हताच. होप नावाच्या एका लहानशा जपानी कंपनीने ओएन३६० ही गाडी बनवली होती. सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले, स्वतःचं इंजिन बसवलं, बॉडी सुधारली. पुढे जिमनी नावाने जगभर गेलेल्या या घराण्याची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या गाडीत केलेल्या फेरबदलांतून झाली.

हे मुद्दाम सांगायचं, कारण जिमनी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण तिच्यात काही ना काही बदलतो. घराण्याची ही सवय जुनी आहे.

भारतात या घराण्यातली जिप्सी आली ती डिसेंबर १९८५ मध्ये. ९७० सीसीचं इंजिन, चारही चाकांवर पाटे, वर कापडी हूड. पुढे १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आलं. लष्कराने ती वापरली, पोलिसांनी वापरली, रॅलीवाल्यांनी पळवली, आणि ताडोबात वाघ बघायला गेलेल्या हजारो माणसांनी तिच्या मागच्या उघड्या बाकांवरून मान उंचावली. सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम आले तशी ती सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. त्यानंतर पाच दारांची जिमनी ७ जून २०२३ रोजी बाजारात आली, १२.७४ लाख रुपयांपासून. तिची लांबी ३,९८५ मिलिमीटर. चार मीटरला पंधरा मिलिमीटर कमी. आपल्याकडच्या कररचनेत चार मीटर ही रेघ महत्त्वाची असते. जपानमध्ये तीन मीटर, इथे चार. छोट्या गाडीचा आकार रस्त्याइतकाच नियमांनीही घडवलेला असतो.

शोरूममधून बाहेर पडते तेव्हाच या गाडीत बरंच काही असतं. शिडीसारखी वेगळी चेसी, पुढे-मागे अखंड अॅक्सल, त्यांवर कॉइल स्प्रिंगा, गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा, आणि त्या दांड्याने लागणारा लो गिअर. जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर. समोरच्या चढाला बंपर न टेकता चाक भिडू शकेल असा कोन ३६ अंश, उतरताना मागचा कोन ५० अंश. पोटाचा कोन मात्र २४ अंशच, कारण पाच दारांसाठी दोन अॅक्सलमधलं अंतर २,५९० मिलिमीटरपर्यंत वाढवलं गेलं. तीन दारांच्या परदेशी जिमनीत ते २,२५० आहे. म्हणजे आपल्याकडची गाडी उंचवट्यावरून जाताना मधल्या पोटावर टेकण्याची शक्यता जास्त. ज्याला पुढे गाडीत बदल करायचे आहेत त्याने मनात धरून ठेवावा असा हाच आकडा. बाकीचे दोन्ही कोन इतके चांगले आहेत की पहिल्या वर्षात त्यांची अडचण सहसा येत नाही.

पण पहिलं वर्ष तसंच काढायला फार थोडे तयार असतात. गाडी घरी यायच्या आधीच टायर ठरलेले असतात, बंपर बघून ठेवलेला असतो, छपरावरचं कॅरिअर कुठल्या गॅरेजात बनवायचं याची चौकशी झालेली असते. उत्साह खरा असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. अडचण एवढीच की कुठे जायचं आहे आणि तिथली जमीन कशी आहे हे अजून कळलेलं नसतं. सिंहगडाच्या पायथ्याच्या मुरमाड वाटेला जे लागतं ते लातूरकडच्या पाणंदीला लागत नाही. कोकणातल्या लाल मातीच्या चढाला तिसरंच काही लागतं. जमिनीने मागितल्यावर बदल केला तर तो टिकतो. त्याआधी केलेला बदल बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत उतरवला जातो, आणि त्यात पैसे जातात ते वेगळेच.

या पहिल्या वर्षात चालवणाऱ्यात बदल व्हावा लागतो. जिमनीत एक चाक हवेत गेलं की गाडी त्या गरगर फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवते. पण हे घडायला चाक आधी थोडं फिरावं लागतं. नवखा माणूस चाक फिरल्याचा आवाज आला की घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो, यंत्रणा थांबते, गाडी मागे घसरते. पाय स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद धीर धरला तर तीच गाडी त्याच जागी वर चढते. हा धीर विकत मिळत नाही, पण शिकता येतो. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफरोड ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र काढलं आहे. अशा जागी एक-दोन दिवस घालवणं हा गाडीवरचा कुठल्याही महागड्या पार्टइतका उपयोगी खर्च. फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घ्यायची नसतात, हेही तिथेच पहिल्यांदा नीट समजतं. जिमनीत मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जिरवायला मातीत चाक थोडं घसरतं. डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो.

आणि मग हवा.

डांबरी रस्त्यावर या गाडीच्या टायरमध्ये २६ पीएसआयच्या आसपास हवा असते. रिकाम्या गाडीचं वजन १,२१० किलोपर्यंत, म्हणजे प्रत्येक चाकावर तीनशे किलो. हवा १६ पर्यंत उतरवली की तेच तीनशे किलो पेलायला टायर जमिनीवर जास्त पसरतो. ढोबळ हिशेबाने जमिनीला टेकणारा भाग दीडपट होतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. सैल वाळूत चाक रुतायचं थांबतं, खडकावर रबर दगडाच्या आकाराला धरून बसतं, धक्के कमी होतात. एवढा फरक पाडणारा दुसरा कुठलाही बदल इतका स्वस्त नाही. त्यासाठी लागतो एक खात्रीचा हवामापक आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर यासाठी की कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेलं तर टायरच्या बाजू तापतात आणि फाटू शकतात. जोरात वळवलं तर टायर रिममधून निसटूही शकतो. पंक्चरवाल्याची टपरी ऐन वेळी तीस किलोमीटरवर असते. तेव्हा वाट संपली की डांबरावर चढायच्या आधी पुन्हा हवा भरायची. दहा-पंधरा मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

टायरचा प्रश्न यानंतर येतो, आणि महाराष्ट्रात तो खरोखर मातीचा प्रश्न आहे. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात सोलापूर, लातूर, परभणीकडच्या पाणंदीत गाडी घातली तर ऑल-टेरेन टायरच्या खाचा पहिल्या पन्नास-साठ मीटरमध्येच भरून जातात. त्यानंतर टायर गुळगुळीत गोळा होतो. खोल आणि रुंद खाचांचा मड टायर चाक फिरवून थोडी माती झाडून टाकतो, पण तोच टायर महामार्गावर गुणगुणतो, ओल्या डांबरावर पकड कमी देतो, इंजिनाला जास्त पेट्रोल प्यायला लावतो. आणि त्या भागातल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगेल की माती वाफशावर येईपर्यंत बैलगाडीसुद्धा घालत नाहीत. ट्रॅक्टर गेल्यावर जी चाकोरी पडते ती उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते आणि वर्षभर सगळ्यांना छळते. तिथे टायर बदलण्यापेक्षा दोन दिवस थांबणं बरं.

याउलट मावळातला मुरूम, भीमाशंकर-जुन्नरच्या बाजूची दगडगोट्यांची वाट, किंवा नगर जिल्ह्यातले माळ. इथे चिखल फारसा अडवत नाही, अडवतात ते धारदार दगड. हवी असते ती जाड बाजूंची आणि दणकट ऑल-टेरेन जोडी. कोकणातली लाल माती ओली झाली की वरचा पातळ थर साबणासारखा होतो, खालचा जांभा मात्र घट्ट असतो. तिथे चाक खोल जात नाही, आडवं घसरतं. एकाच राज्यात इतक्या तऱ्हेची जमीन असताना ‘सगळ्यात चांगला टायर कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. दर महिन्याला आपण कुठे जातो, एवढंच विचारता येतं.

मापाचं गणितही करून बघावं. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची ६९३ मिलिमीटर. २१५/७५ घेतला तर ती साधारण ७०३ होते. फरक जेमतेम एक सेंटिमीटर, आणि गाडीचा स्वभाव फारसा बदलत नाही. २३५/७५ घेतला तर ७३३. चार सेंटिमीटर वाढले, पण अॅक्सलखालची उंची त्याच्या निम्मीच, दोन सेंटिमीटर वाढली. बदल्यात काय जातं? चाक जवळपास सहा टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे काटा ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या जवळ असते. प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. १०५ अश्वशक्ती आणि १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो. लो गिअरमध्ये जे संथ रांगणं या गाडीचं बलस्थान होतं, तेही थोडं वेगवान होतं. चाक कमानीला घासतं, म्हणून मग गाडी उचलावी लागते.

उचलण्यापाशी अनेकांचा हात सढळ होतो. पन्नास मिलिमीटर उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप, आणि गाडी फोटोत देखणी दिसते. पोटाचा तो २४ अंशांचा कोन इथेच सुधारतो, म्हणून या बदलाचा मोह समजण्यासारखा आहे. पण डिफरन्शियलचा, म्हणजे डिफचा गोळा अॅक्सलवरच असतो, तो स्प्रिंगांनी वर जात नाही. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर. शिवाय पुढचा अॅक्सल ज्या आर्मनी चेसीला बांधलेला आहे ते तिरके होतात, अॅक्सल किंचित फिरतो, आणि स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ व्हायची चाकांची ओढ कमी होते. महामार्गावर गाडी भटकायला लागते. एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग हातात थडथडायला लागतं. वेगळ्या भोकाचे बुश बसवून तो कोन परत मिळवावा लागतो. अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा लांबीला कमी-जास्त करता येईल असा घ्यावा लागतो, नाहीतर अॅक्सल एका बाजूला सरकून बसतो. ब्रेकचे पाइप ताणले गेले नाहीत ना, हे चाक पूर्ण लोंबकळत ठेवून पाहावं लागतं. हेडलाइट वर बघायला लागतात, ते खाली आणावे लागतात. गाडी मुळातच १,६४५ मिलिमीटर रुंद आणि १,७२० उंच आहे, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. आडव्या उतारावर ही पाच सेंटिमीटर चालवणाऱ्याला पोटात जाणवतात. चांगला मेकॅनिक हे सगळं उचलायच्या आधी सांगतो, त्यावरूनच तो ओळखावा.

एकाच कामासाठी गाडी बदलायची ठरवली तर कुठवर जाता येतं याचं उदाहरण याच घराण्यात आहे. २१ एप्रिल २००७ रोजी चिलीच्या दोघांनी बदल केलेली सुझुकी सामुराई, म्हणजे आपल्या जिप्सीची सख्खी बहीण, ओहोस देल सालादो या अँडीजमधल्या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत चढवली. त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. पण ती गाडी एका डोंगरासाठी घडवलेली होती. सोमवारी सकाळी ऑफिसला आणि शनिवारी वासोट्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीला दोन्हीकडे वागावं लागतं. तिच्यातला प्रत्येक बदल म्हणजे तडजोड.

ही तडजोड सगळ्यात स्पष्ट दिसते ती वजनात. पाच दारांच्या जिमनीचं एकूण परवानगीचं वजन १,५४५ किलो. रिकाम्या गाडीचे १,२१० वजा केले की उरतात ३३५. त्यात दोन माणसांचे दीडशे धरा, राहिले १८५. आता पुढे लोखंडी बंपर आणि दोराने गाडी ओढून काढणारं विंच म्हणजे साधारण सत्तर किलो. दोन्ही बाजूंना दगडापासून वाचवणारे पाइप, तीस-पस्तीस. छपरावरचं कॅरिअर, पंचवीस. त्यावर उघडणारा तंबू, पन्नास. झाले १८०. अजून पाणी घेतलेलं नाही, आणि वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. फ्रीज नाही, स्टोव्ह नाही, कपडे नाहीत, मित्र नाही, आणि गाडीची क्षमता संपली. प्रत्यक्षात अशा गाड्या दोनशे किलो जास्त घेऊन फिरताना दिसतात. पुढच्या स्प्रिंगा दबतात म्हणून कडक स्प्रिंगा येतात. त्या कडक म्हणून रिकामी गाडी उड्या मारते. ब्रेकला थांबायला जास्त अंतर लागतं. मुळात हलकी आहे म्हणून जिमनी वाळूत आणि चिखलात मोठ्या गाड्यांच्या पुढे निघते. तिच्या हलकेपणावरच आपण लोखंड लादत असतो. प्रत्येक नव्या वस्तूआधी तिचं वजन वहीत लिहायची सवय लावून घेतलेली बरी. दगडखाणीजवळच्या एखाद्या वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा चढवून बघावी. बहुतेकांना तिथे धक्का बसतो.

विंच खूप देखणं यंत्र आहे, पण महाराष्ट्रात रुतलेली गाडी बाहेर काढतो तो गावातला ट्रॅक्टर. त्याच्या तयारीत राहायचं तर चेसीला घट्ट बोल्ट केलेला मजबूत हुक पुढे-मागे हवा. वाहतुकीत गाडी बांधून न्यायला दिलेल्या पातळ कडीला साखळी अडकवणं धोक्याचं. ओढताना ती तुटली तर लोखंडाचा तुकडा काचेतून आरपार येतो. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर बांधून माणसं मेल्याची उदाहरणं जगभर आहेत. ताणला जाणारा नायलॉनचा दोर, वजनाची क्षमता कोरलेले शॅकल, फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. तीस मीटर लांब उभं राहायची शिस्त मात्र सोबतच्या प्रत्येकाने पाळायला हवी. आणि बाहेर निघाल्यावर बांध मोडला असेल तर तो नीट करून द्यावा, ट्रॅक्टरवाल्याने पैसे नको म्हटले तरी डिझेलचे तरी हातात ठेवावेत.

पाण्यासाठीचा एक बदल क्वचितच कोणी दाखवतो, पण तो अगदी आवश्यक. बराच वेळ चाललेल्या गाडीचा डिफ गरम असतो. थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. हवा ये-जा करायची नळी पाण्याखाली असेल तर तिच्यातून किंवा सीलमधून पाणी आत जातं, ऑइल दुधासारखं पांढरट होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत बेअरिंग वाजायला लागतात. त्या नळ्या लांब करून वर इंजिनाच्या खोलीत नेणं हे अर्ध्या दिवसाचं काम. छपरापर्यंत जाणाऱ्या स्नॉर्केलकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण तो फक्त इंजिनाच्या श्वासाची सोय करतो. वाहत्या पाण्यात फूट-दीड फूट खोलीही हलक्या गाडीला उचलून न्यायला पुरते, आणि सह्याद्रीतला ओढा आषाढात अर्ध्या तासात चढतो. तिथे थांबणं हाच उपाय आहे.

मुक्कामाची तयारी या सगळ्याच्या मानाने सोपी. जिमनीची पुढची सीट डोकं टेकायचा भाग काढून मागे पाडली की मागच्या सीटला जाऊन मिळते आणि झोपण्यापुरती जागा होते. सामानाची जागा २०८ लिटर, मागची सीट पाडली की ३३२. दोघांच्या दोन रात्रींना ती पुरते, पण बारा मिलिमीटरच्या प्लायवुडची एक पेटी बनवून घेतली तर वस्तू हरवत नाहीत आणि चढावर भांडी मानगुटीवर येत नाहीत. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण बारा किलोची, तेवढीच साधी बॅटरी अठ्ठावीसच्या पुढे आणि तिच्यातली निम्मीच वीज सुखाने वापरता येते. लिथियममध्ये १,२८० वॅट-अवर असतात. मे महिन्यात छोटा फ्रीज दिवसाला पाचशेच्या आसपास खातो, म्हणजे गाडी न हलवता दोन दिवस निघतात. वायर जाड असावी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. इथे काटकसर केली तर आग लागते. बंद गाडीत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच पेटवू नये, थंडी कितीही असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छपरावरचा तंबू की जमिनीवरचा, यावर वाद चालू राहील. पावसाळ्यात जळवा, ओल आणि चिखल पाहिला की वरच्या तंबूचं म्हणणं पटतं. पण पाच किलोचा साधा तंबू गाडीचा गुरुत्वमध्य जराही हलवत नाही, तो सोडून गाडी घेऊन पाणी आणायला जाता येतं, आणि कंपनीच्या पुस्तिकेत छपरावर ठेवायच्या वजनाची मर्यादा मोजक्याच किलोंची असते. आठ महिने कोरड्या असणाऱ्या मुलखात जमिनीवरचा तंबूच श्रेयस्कर.

कायदा या सगळ्याच्या शेजारी उभा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे अधोरेखित केलं. समोरचे लोखंडी गार्ड रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले, कारण धडकेत ते पादचाऱ्याला जास्त जखमी करतात आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतात. वरच्या सगळ्या यादीकडे या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. कॉम्प्रेसर, दोर, पट्ट्या, पेटी, जमिनीवरचा तंबू हे सगळं सामान आहे. घरी आल्यावर काढून ठेवता येतं, कुठल्याही कलमात अडकत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं तेही हेच.

गाडी कुठे नेता येते आणि कुठे न्यावी, हे दोन वेगळे प्रश्न. गाडी जसजशी समर्थ होते तसतसा दुसरा प्रश्न मोठा होत जातो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गात जांभ्याचे सपाट सडे आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटातलं कास हे त्यांतलं सगळ्यांना माहीत असलेलं. पण बाकीचे कित्येक सडे कुंपणाशिवाय उघडे आहेत, आणि फोर बाय फोरवाल्याला ते मोकळं मैदान वाटतं. त्या खडकावर मातीचा थर काही सेंटिमीटरचाच असतो. भाद्रपदात जी फुलं येतात त्यांचं बी आणि कंद वर्षभर तेवढ्याशा मातीत तग धरून असतात. एका गाडीची चाकं तिथून गेली की थर खरवडला जातो, पहिल्या पावसात वाहून जातो, आणि तो पुन्हा जमायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. किनाऱ्यावरही तसंच. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वेळाससारख्या किनाऱ्यांवर येऊन वाळूत अंडी घालतात. चाकांच्या खोल चाकोरीत सापडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला मान्सूनच्या तोंडावर काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. छपरावरच्या एलईडी बारने तो संवाद तुटतो. तो बार विकत घेताना किती लुमेन हे सगळे विचारतात. तो कुठे बंद ठेवायचा हे ज्याला माहीत आहे त्याच्या छपरावर तो शोभतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी अनेक गाड्यांवरून वस्तू उतरायला लागतात. आधी बार जातो, मग कॅरिअर, मग लोखंडी बंपर. मूळ प्लॅस्टिकचा बंपर पार्किंगच्या कोपऱ्यातून बाहेर येतो आणि पुन्हा बसतो. उरतात चांगले टायर, सरळ केलेलं स्टेअरिंग, लांब केलेल्या नळ्या, आणि मागे एक पेटी. म्हणून काढलेला कुठलाही मूळ भाग फेकू नये, विकूही नये. खाजगी पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी आरटीओसमोर गाडी कागदाप्रमाणे उभी राहावी लागते. जुन्या जिप्सीवाल्यांनी हे अनुभवलं आहे. नोंदणी संपत आली की मूळ रिम, मूळ सीट, मूळ दिवे शोधत भंगार बाजार पालथा घालायची वेळ त्यांच्यावर आली. जून २०२३ मध्ये नोंदलेल्या पहिल्या जिमनींची मुदत २०३८ मध्ये संपेल. त्यांच्या मूळ स्प्रिंगा, शॉकअप, बंपर आणि चारही रिम तेलाचा हात फिरवून, कुठल्या बाजूचा कुठला ते खडूने लिहून, माळ्यावर ठेवलेले असावेत.